निलंग्याचे दवाखाने आणि अनुदानांचा हिशेब

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाचे निमित्त साधून 16 सप्टेंबर 2023 रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगर येथे भरली आणि या विभागासाठी पंचेचाळीस हजार कोटींहून अधिक रकमेच्या योजना जाहीर झाल्या. त्या घोषणांना पंधरवडा लोटतो न लोटतो तोच नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावल्याची वार्ता आली. त्यांत 12 नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, मंत्र्यांच्या भेटी झाल्या, आणि खुलासा असा करण्यात आला की, यांतील बरेच रुग्ण दूरदूरच्या ठिकाणांहून अत्यवस्थ स्थितीत आले होते. या खुलाशात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणत नाही. परंतु मोठ्या रुग्णालयाची बाजू मांडू पाहणारा हा खुलासा त्याच्या खालच्या साऱ्या व्यवस्थेवरील आरोपपत्र ठरतो, याचे भान तो करणाऱ्यांस होते काय, याची मात्र आम्हांस शंका आहे. रुग्ण अत्यवस्थ होईपर्यंत त्यास वाटेत कोणीच कसे भेटले नाही?

या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याच्या ठिकाणी सापडणार नाही. त्यासाठी तालुक्यात उतरले पाहिजे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुका या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. निजामी राजवटीत, आणि त्यानंतरही 1956 पर्यंत, हा तालुका बिदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने तो अहमदपूर व उदगीर यांच्यासह उस्मानाबाद जिल्ह्याला जोडण्यात आला. 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला तेव्हा तो लातुराकडे आला. तीन जिल्हे झाले, पण निलंगा प्रत्येकात कडेलाच राहिला. औराद शहाजानी वा कासारशिरसीकडील माणसाला कर्नाटकाची हद्द जवळ आणि लातूर दूर. या तालुक्याने शिवाजीराव पाटील निलंगेकरांच्या रूपाने राज्याला मुख्यमंत्रीही दिला. तेव्हा निलंगा सत्तेच्या नजरेआड राहिला, असे म्हणण्याची सोय नाही.

पैसा आलाच नाही, असेही कोणी म्हणू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा आणि निलंगा तालुक्यांतील गावे जमीनदोस्त केली, तेव्हा जागतिक बँकेच्या साहाय्याने घरे, रस्ते, शाळा आणि दवाखाने यांची उभारणी झाली. पुढे 1999 मध्ये त्याच बँकेच्या कर्जातून राज्यातील रुग्णालये सुधारण्याचा प्रकल्प निघाला. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. गावोगाव ‘आशा’ नेमल्या गेल्या, आणि उपकेंद्राच्या हाती वर्षाकाठी दहा हजार रुपयांचा अबंधित निधी पडू लागला. हे अनुदान अल्प असले तरी शहाणपणाचे होते, कारण तुटलेल्या नळासाठी वा संपलेल्या कापसासाठी वरच्या कचेरीची मंजुरी आणण्याची पाळी परिचारिकेवर येऊ नये, एवढा विचार त्यात होता. त्यानंतर पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यास 70,051 कोटी रुपयांची शिफारस केली. त्यांपैकी 43,928 कोटी ग्रामीण भागासाठी होते. गावच्या उपकेंद्रासाठी वित्त आयोगाने एवढी मोठी तरतूद सुचवावी, ही घटना स्वागतार्ह होती, आणि तिचे स्वागत आम्ही हातचे काही राखून करीत नाही.

तथापि ही रक्कम कशासाठी होती, हे नीट पाहिले पाहिजे. ज्या उपकेंद्रांना व प्राथमिक आरोग्य केंद्रांना इमारत नाही त्यांना इमारत, तपासण्यांसाठी यंत्रे व सामग्री, तालुका पातळीवर सार्वजनिक आरोग्याचे केंद्र, उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनीत रूपांतर, असे तिचे मुख्य रकाने होते. यांतील बहुतेक कामे एकदा करावयाची, मोजता येणारी आणि मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्रात बसणारी आहेत. भिंत मोजता येते, तिचे छायाचित्र काढता येते, उद्घाटनाचा दगडही तिच्यावर बसविता येतो. भूलतज्ज्ञाचा पगार असा एकदाच देऊन भागत नाही. तो दरमहा द्यावा लागतो, आयोगाची पाच वर्षे सरल्यावरही द्यावा लागतो, आणि शेवटी त्याचा भार राज्याच्या तिजोरीवरच पडतो. म्हणून अनुदान इमारतीकडे धावते आणि पद मागे राहते. आपल्याकडे दवाखाना मंजूर होणे, त्यास जागा मिळणे, बांधकाम होणे, पदनिर्मितीला वित्त विभागाची संमती मिळणे आणि ते पद प्रत्यक्ष भरले जाणे, ही निरनिराळी प्रकरणे आहेत. त्यांच्या फायली निरनिराळ्या टेबलांवर आपापल्या गतीने चालतात. त्या एकाच दिवशी पूर्ण झाल्या तर तो योगायोग समजावयाचा!

याचा अर्थ रुग्णाच्या दृष्टीने काय होतो? अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रिया करावयाची तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही एकाच वेळी, एकाच छपराखाली असावी लागतात. तिहींपैकी एक नसेल तर उरलेली दोन असून नसल्यासारखी. शस्त्रक्रियागृह कितीही अद्ययावत असले तरी त्यास कुलूपच राहणार. मग 108 क्रमांकाची गाडी बोलाविली जाते आणि निलंग्याहून लातूरचा सुमारे पन्नास किलोमीटरांचा रस्ता सुरू होतो. ही गाडी 2014 पासून आली आणि तिने पुष्कळ प्राण वाचविले, हे मान्य केलेच पाहिजे. पण चांगली गाडी मिळाल्याने रुग्ण पुढे पाठविणे सोपे झाले आणि तालुक्यात तज्ज्ञ नसल्याची टोचणी कमी झाली, हेही तितकेच खरे आहे. केंद्र सरकारच्याच 2021-22 च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीप्रमाणे देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक तज्ज्ञांपैकी शंभरात सुमारे ऐंशी नव्हते. नांदेडला पोहोचलेले अत्यवस्थ रुग्ण कोठून येतात, ते या आकड्यावरून कळावे.

या पन्नास किलोमीटरांत त्या बाळंतिणीला तीन सरकारे भेटतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. आणि लातूरचे विलासराव देशमुख यांच्या नावाने चालणारे महाविद्यालयीन रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. त्यांची अंदाजपत्रके वेगळी आणि उत्तर देणारे मंत्रीही बहुधा वेगळे. जिल्हा परिषदेची तर गोष्टच आणखी निराळी झाली. वित्त आयोगाने विश्वास टाकला तो स्थानिक संस्थांवर. आणि नेमक्या त्याच वर्षांत, मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यानंतर, लातूरसह राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. प्रशासक कर्तबगार असू शकतो. परंतु मदनसुरीच्या वा हलगऱ्याच्या माणसाने केंद्रातील डॉक्टर कोठे गेला म्हणून सभागृहात विचारावे, असा त्याचा सदस्यच तेव्हा अस्तित्वात नव्हता. स्थानिक स्वराज्याच्या नावाने आलेला पैसा स्थानिक प्रतिनिधीवाचून खर्च झाला, याची खंत फारशा कोणी व्यक्त केली नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

डॉक्टरच खेड्यात यावयास तयार नाहीत, त्याला सरकार काय करणार, हा युक्तिवाद आमच्या वाचकांपैकीही अनेकांना पटतो. लातुरात तरी तो तपासून घेतला पाहिजे. ‘लातूर पॅटर्न’ने या जिल्ह्याची कीर्ती सर्वदूर नेली. वैद्यकीय प्रवेशासाठी मुलांना तयार करण्याचा हा जणू कारखानाच आहे, आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून मुले तेथे येऊन राहतात. 2020 मध्ये वैद्यकीय प्रवेशातील सत्तर-तीस टक्क्यांची विभागवार विभागणी रद्द झाली, ती मराठवाड्याच्या मागणीवरून. प्रवेशाच्या जागेसाठी एवढी जागरूक असणारी ही भूमी निलंग्याच्या रिकाम्या पदासाठी मात्र रस्त्यावर येत नाही. येथे दोष केवळ सरकारचा नाही. आपण सुशिक्षितांनी आपल्या मुलाचा प्रवेश हाच आरोग्याचा प्रश्न मानला. शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होणाऱ्याने एक वर्ष सरकारी सेवा करावी, अन्यथा दहा लाख रुपये दंड भरावा, असा नियम आहे. दहा लाख भरून मोकळे होणे ज्या घरांना परवडते त्या घरांत हे वृत्तपत्र वाचले जाते, हे आम्ही विसरलेलो नाही.

शिवाय जे येण्यास तयार होते त्यांना आपण कसे वागविले? अभियानातील परिचारिका, तंत्रज्ञ आणि डॉक्टर वर्षानुवर्षे कंत्राटावर राबले. 2023 च्या अखेरीस त्यांना संपावर जावे लागले, तेव्हा मार्च 2024 मध्ये दहा वर्षे पूर्ण केलेल्यांना सेवेत सामावून घेण्याचा शासननिर्णय निघाला. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर माणूस तालुक्याच्या गावी बिऱ्हाड थाटीत नाही, मुलांना तेथील शाळेत घालीत नाही. तो पुढच्या आदेशाची वाट पाहत दिवस काढतो.

तिजोरीवरील भाराचे कारण आम्हांस ठाऊक आहे. तरीही 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यखर्चाचा दोन-तृतीयांशापर्यंतचा वाटा प्राथमिक सेवेला द्यावा असे म्हटले आहे, आणि ते धोरण कोणी मागे घेतलेले नाही. राज्य सरकारने येत्या अंदाजपत्रकात एवढे तरी करावे: ज्या केंद्राच्या इमारतीसाठी पैसा मागितला जाईल त्याच प्रस्तावात तेथील पदे, त्यांचा पुढील दहा वर्षांचा पगार आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थाने यांची तरतूद दाखवावी, ती नसेल तर बांधकामाची निविदा काढू नये. निलंग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ महिन्यातून किती रात्री हजर होता, हा आकडा दरमहा रुग्णालयाच्या दारावर लावावा. आणि तो आकडा जिल्हा परिषदेच्या सभेत वाचून दाखविण्याची मागणी, पक्ष कोणताही असो, निलंगा तालुक्याच्या सदस्यांनी करावी.