पैसा कोणाच्या खात्यात, सही कोणाची?



मागच्या महिन्याची बैठक आपण बेसा इथे घेतली. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेसा हे नागपूरच्या दक्षिण अंगाचं गाव. काल-परवापर्यंत तिथं शेतं होती, आता लेआउट पडले आहेत. घोगली, पिपळा, बेलतरोडी, सगळीकडे तेच. पाट्या, खांब, आणि अर्धवट उभ्या इमारती. अशाच एका इमारतीच्या मागं, आपले काही साथी कामाला आहेत तिथल्या टिनाच्या शेडमध्ये आपण बसलो. विषय पत्रिकेत जमिनीच्या दाव्यांचा होता. पण दुपारनंतर सगळी चर्चा पैशावर गेली, आणि रात्री जेवण होईपर्यंत संपली नाही.

झालं असं. एका गावच्या महिला गटानं कागद आणला होता. एक कंपनी आपल्या फाउंडेशनतर्फे मोहफूल साठवायला शेड, वजनकाटा आणि वर्षभराचा खर्च म्हणून तीन लाख रुपये देते म्हणते. गटाच्या बायांनी विचारलं, घ्यावे का? कागद इंग्रजीत. पोरांनी वाचून सांगितला तेव्हा अटी कळल्या. नोंदणीकृत संस्था पाहिजे. शेडवर कंपनीच्या नावाचा फलक पाहिजे. तीन कोटेशनं, दर तिमाहीला अहवाल, फोटो. आणि शेवटून दुसरी अट अशी की, प्रकल्प चालू असताना गटानं "कोणत्याही आंदोलनात्मक कार्यक्रमात" भाग घ्यायचा नाही.

ही शेवटून दुसरी अट वाचली तेव्हा शेडमध्ये हसू झालं. पण त्या बाया हसल्या नाहीत. त्यांचं मोह दरवर्षी पावसाच्या पहिल्या सरीत भिजतं, बुरशी धरतं, आणि व्यापारी म्हणेल त्या भावात जातं. एक म्हणाली, "तुम्ही हसता बाप्पा, पन आमचं मोहू तर घरातच सडते ना." हे बोलणं आम्हाला लागलं. म्हणून यावेळचं संपादकीय त्यावरच.

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही असा एक प्रकल्प घेतला होता. देणारी संस्था चांगली होती, माणसं सज्जन होती, त्यांचं नाव इथं घेण्याचं कारण नाही. दोन वर्षांचे पैसे आले. पाच कार्यकर्त्यांना मानधन सुरू झालं. त्याआधी तहसीलवर जायचं असलं की चाळीस-पन्नास माणसं स्वतःच्या भाड्यानं, फडक्यात भाकर बांधून यायची. मानधन सुरू झालं आणि सहा महिन्यांत गावं म्हणू लागली, ज्यांना पगार आहे ते जातील की! त्यात गैर काय? आम्हीही त्यांच्या जागी असतो तर तेच म्हटलं असतं. दोन वर्षांनी पैसा थांबला. मानधन गेलं, आणि ते पाच जणही आले नाहीत. एक मोर्चा अकरा माणसांवर काढला. अकरातले तिघं फोटोवाले होते. त्या दोन वर्षांत विहिरी दुरुस्त झाल्या, शिबिरं झाली, हे खरं. पण संघटना पुन्हा उभी करायला पुढची चार वर्षं गेली.

तेव्हापासून आमच्यात काही जण म्हणतात, बाहेरचा पैसा नकोच. विटाळ. आम्ही तसं म्हणत नाही. हे पत्रक वर्गणीवर निघतं, स्टेन्सिल, शाई, कागद सगळं वर्गणीतून. म्हणून आम्ही ताठ बोलू शकतो हे मान्य. पण ज्या बाईचं मोह सडतं तिला ताठपणाचा उपदेश करणं सोपं आहे. आणि दुसरी गोष्ट. सरकारचा पैसा हा काही बाहेरचा पैसा नाही. तो आपलाच आहे, आणि तो मागायला लाज कसली?

आता त्या पैशाचंच बघा. पेसा कायदा २४ डिसेंबर १९९६ चा. महाराष्ट्राला त्याचे नियम करायला २०१४ चा मार्च उजाडला, म्हणजे सतरा वर्षं. त्यानंतर ३० ऑक्टोबर २०१४ ला राज्यपालांनी अधिसूचना काढली आणि २१ एप्रिल २०१५ ला शासन निर्णय झाला की, आदिवासी उपयोजनेच्या एकूण तरतुदीतले पाच टक्के थेट अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना द्यायचे. यालाच आपण अबंध निधी म्हणतो. पहिल्या वर्षी, २०१५-१६ ला, ही रक्कम २५८ कोटी ५० लाख होती. वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात. चार कामांसाठी खर्च करायचा: पायाभूत सोयी, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता, शिक्षण, आणि जंगल, पाणी, वन्यजीव यांचं जतन. काय करायचं हे ग्रामसभेनं ठरवायचं. वरून कोणी इंजिनिअर येऊन "तुम्हाला सभामंडप पाहिजे" असं सांगायचं नाही.

कागदावर हे आपल्या चळवळीनं वीस वर्षं मागितलं त्याच्या जवळपास आहे. म्हणून आम्ही त्याचं स्वागत केलं आणि आजही करतो. पण गावात काय होतं? मागच्या वर्षी आम्ही फिरलो त्या गावांत आठ-नऊ पाड्यांची एक ग्रामपंचायत, पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यावर, आणि पाड्यातल्या माणसाला आपला वाटा किती हेच माहीत नाही. एका पाड्यात विचारलं, अबंध निधी आला का? म्हातारा म्हणाला, "आला असन, आम्ही तं सोलर लाइट पाह्यला." सोलर लाइट कोणी मागितला होता? कोणीच नाही. ठराव मात्र होता, सह्यांसकट. नियमात ग्रामसभा कोष आहे, कोष समिती आहे, पाड्याला स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घ्यायची वाट आहे. ती वाट आपण धरली नाही तोवर "अबंध" हा शब्द फक्त शासन निर्णयात राहणार. नियमानुसार ठराव करा, उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

बेश्याच्या बैठकीत याच मुद्द्यावर सगळ्यात टोकदार प्रश्न आला, आणि तो आला स्लॅबच्या कामावर असलेल्या एका बाईकडून. ती रामटेक तालुक्यातली, देवलापारकडची. म्हणाली, "आमचं गाव गोंडायचंच हाय. मंग आमच्या गावाले थो पैसा काऊन नाही?"

याचं उत्तर तिला देताना आम्हालाच वाईट वाटलं. महाराष्ट्राचं अनुसूचित क्षेत्र ठरलं ते २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं. आज त्यात १३ जिल्ह्यांतले ५९ तालुके येतात, काही पूर्ण, काही अंशतः. नागपूर जिल्हा त्यात नाही. भंडारा नाही, गोंदिया नाही. ज्या नागपूरची वसाहत देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहानं उभी केली, त्या नागपूरच्या जिल्ह्यात गोंडाच्या एकाही गावाला पेसा लागू नाही. म्हणजे गडचिरोलीतल्या गावाला अबंध निधी, आणि देवलापारकडच्या त्याच देवाच्या, त्याच बोलीच्या गावाला नाही. ती बाई आज बेश्यात विटा वाहते. ज्या जमिनीवर ती विटा वाहते तिथलं शेत विकलं गेलं तेव्हा गावाला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या गावालाही कोणी विचारत नाही. अनुसूचित क्षेत्राची फेररचना करून ही सुटलेली गावं आत घ्या, ही मागणी आम्ही पुन्हा करत आहोत. जुनी मागणी आहे. कंटाळा येईपर्यंत करू.

पण तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. तो रामटेकला लागू आहे, पारशिवनीला आहे, गोंदियाला आहे. आणि इथंच अनुदानाच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे असं आम्हाला वाटतं.

मेंढा (लेखा) गावाची गोष्ट तुम्ही ऐकली आहे, तरी या बाजूनं पुन्हा बघा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव. २००९ ला त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हातात आला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. बांबू हे झाड की गवत यावर साहेब लोकांचा वाद! शेवटी २७ एप्रिल २०११ ला मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावानं त्यानंतर लिलाव केला, कटाई केली, हिशेब ठेवला. जंगलाचा पैसा पहिल्यांदा गावाच्या खात्यात आला. तो अनुदान नव्हता. त्याला उपयोगिता प्रमाणपत्र लागत नव्हतं, फलक लागत नव्हता. आणि हे गाव पैशाला तयार होतं, कारण पैसा येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथं गावाचा कोष होता आणि एकमतानं निर्णय घ्यायची सवय होती. ती सवय कोणत्याही फाउंडेशनच्या तीन लाखांत येत नाही.

तेंदूचंही तसंच. आधी सत्तर पानांचा पुडा बांधायचा, फळीवर मोजून द्यायचा, मजुरी घ्यायची आणि बोनसची वाट बघायची. २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी स्वतः विक्री केली. यात सगळं गोड नव्हतं हेही लिहिलं पाहिजे. ठेकेदार पैसे थकवतो, हिशेबाची वही अर्धवट राहते, आणि एखाद्या गावात चार पोरंच सगळा व्यवहार करून बसतात. अनुदानानं जशी माणसं बिघडतात तशी स्वतःच्या पैशानंही बिघडतात. फरक इतकाच की, तिथं जाब विचारायचा अधिकार गावाचा असतो. दिल्ली-मुंबईला पत्र पाठवावं लागत नाही.

म्हणूनच काही पैशांपासून सावध राहा असं आम्ही म्हणतो. वन विभागाची संयुक्त वन व्यवस्थापन समिती घ्या. गॅस येतो, कुंपण येतं, मजुरी येते, पण समितीचा सचिव वनखात्याचा माणूस. मे २०१४ चे गाव वन नियम त्याच वाटेनं आले. ज्या गावाचा सामूहिक दावा अजून पडून आहे, तिथं आधी ही समिती आणि तिचा पैसा येतो, आणि मग म्हणतात, तुमचं तर सगळं ठीक चाललं आहे, दावा कशाला? २०१६ ला संसदेत मंजूर झालेल्या कँपा कायद्याचाही डाव तोच. आपली जंगलं खाणींना आणि धरणांना दिली, त्याच्या भरपाईचे चाळीस हजार कोटींहून जास्त रुपये साचले. ते खर्च करणार वनखातं, आणि रोपं लावणार बहुधा आपल्याच पडीत. ग्रामसभेच्या संमतीची मागणी झाली, कायद्यात ती आली नाही.

उलट काही पैशांवर आपला हक्क आहे आणि आपण मागतच नाही. २०१५ पासून प्रत्येक खाणपट्टेधारकाला जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरणा करावा लागतो. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, नंतर लिलावानं दिलेल्यांना १० टक्के. नागपूर जिल्ह्यात मँगेनीज आहे, उमरेड-सावनेरकडे कोळसा आहे. हा पैसा खाणीनं बाधित झालेल्या गावांसाठी आहे. ते कंपनीचं दान नाही. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा दोन टक्के खर्चही १ एप्रिल २०१४ पासून कायद्यानंच आहे. फलक लावताना मात्र उपकाराचा चेहरा असतो.

मग त्या मोहफुलाच्या शेडचं काय ठरलं? बैठकीत ठरलं ते असं. गटानं नाही म्हणायचं नाही. ग्रामसभेनं उत्तर द्यायचं, गटानं नाही. शेड गावाच्या नावानं, पैसा ग्रामसभेच्या खात्यात, हिशेब दर महिन्याला मराठीत गावासमोर वाचायचा. फलक लावायचा असेल तर लावा. फलकाला आमची हरकत नाही, पावसात वरून एक पत्रा जास्तच मिळतो. मानधन कोणालाही नाही. वजन करणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी, तीही गावानं ठरवलेली. आंदोलनाची अट खोडायची. ते खोडत नसतील तर पैसा परत, आणि मग शेड बांबू आणि गवताची, श्रमदानानं, होळीच्या आत. बांबू कोणाकडून येणार हेही त्याच रात्री ठरलं. त्या बाईनं सगळ्यात शेवटी अंगठा दिला आणि विचारलं, "पन होळीच्या आंदी होईन ना?" तिला आम्ही शब्द दिला आहे.

फाउंडेशनचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं ग्रामसभा कोषाचं पासबुक शेवटच्या नोंदीसह आणावं. ज्यांचं खातंच नाही त्यांनी खातं उघडायच्या ठरावाची प्रत आणावी. रामटेक-पारशिवनीकडच्या साथींनी सामूहिक दाव्यांची पोच सोबत ठेवावी. आणि मोहफुलाच्या शेडसाठी ज्यांच्याकडे दोर, विळे, कुऱ्हाडी जास्तीच्या असतील त्यांनी त्याही आणाव्यात.