अज्ञान कोणाचे?

देहविक्रयाचा प्रश्न निघाला की आपल्याकडील सुशिक्षित मंडळींजवळ दोन उत्तरे तयार असतात. एक, या बाया फसवून आणलेल्या असतात. दुसरे, त्यांना धोक्याची जाणीव नसते. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. त्यांत मजुरीचा दर, कर्ज आणि पोलीस यांचे नाव काढावे लागत नाही.

फसवणूक होते, कोवळ्या मुलींची विक्री होते, यात वाद नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुली कामाठीपुऱ्यापर्यंत कशा पोचल्या, हे गडहिंग्लज-निपाणीच्या कार्यकर्त्यांना कोणी शिकवायला नको. त्या दलालांची जागा तुरुंगातच आहे. परंतु सज्ञान स्त्रियांचे काय? रोहिणी साहनी आणि कल्याण शंकर यांनी १४ राज्यांतील ३००० स्त्रियांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०११ मध्ये मांडले. त्यांतील पुष्कळजणींनी आधी शेतावर, बांधकामावर, परक्यांच्या घरी मजुरी केलेली होती. त्या मजुरीत पोट भरेना. म्हणजे कष्टाला कंटाळून नव्हे, तर कष्ट करून पाहून त्या येथे आल्या.

आता जाणिवेविषयी. भारतात एड्सच्या विषाणूची लागण १९८६ मध्ये प्रथम उघडकीस आली, ती मद्रासमधील अशाच स्त्रियांच्या रक्ततपासणीत. पुढील वर्षांत ज्या वस्त्यांनी आपल्या शेजारणींच्या तिरड्या उचलल्या, त्यांना धोका समजावण्यासाठी शहाण्यांनी भित्तिपत्रके छापावीत, हा मोठाच विनोद! धोका ठाऊक असणे वेगळे आणि तो टाळण्याची ऐपत असणे वेगळे. निरोध नाकारणारे गिऱ्हाईक परत पाठवले, तर त्या रात्रीचे घरवालीचे देणे कोण फेडणार? आणि निरोध जवळ बाळगावा, तर छाप्यात पोलिसांनी तोच पुरावा म्हणून दाखवावा! आरोग्यरक्षणाची साधने पुरावा मानू नयेत, हे अखेर सर्वोच्च न्यायालयाला १९ मे २०२२ च्या आदेशात सांगावे लागले. तेव्हा अज्ञान नेमके कोणाचे?

कलकत्त्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून याच स्त्रियांना आरोग्यसेविका केले. १९९५ मध्ये तेथे त्यांची संघटना आणि 'उषा' ही सहकारी पतसंस्था उभी राहिली. निरोधाचा वापर वाढला तो केवळ प्रबोधनाने नव्हे. संघटनेच्या बळावर आणि सावकाराचा फास सैल झाल्यावर 'नाही' म्हणणे परवडू लागले.

कायद्याची तऱ्हा निराळीच. १९५६ च्या कायद्याचे नाव १९८६ मध्ये बदलले, दृष्टी बदलली नाही. आईच्या कमाईवर शिकणारा अठरा वर्षांपुढील मुलगाही कलम ४ खाली आरोपी ठरू शकतो. समाजवादी म्हणवणारेही या स्त्रियांची आठवण 'पुनर्वसना'च्या ठरावापुरती काढतात आणि शिवणयंत्र वाटून मोकळे होतात. त्या यंत्रावर दिवसाकाठी किती सुटतात, हा हिशेब कोणी विचारत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या, हे सांगायलाही न्यायालयच लागले. त्यापूर्वीच्या एवढ्या वर्षांत वस्तीत बसून शिधापत्रिकांचे अर्ज भरून घेण्यास पक्षशाखांना कोणी अडवले होते?