आधी हवा सुधारा, मग मास्क वाटा

सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या कारखानदाराजवळ कापसाच्या धुळीचा विषय काढला की उत्तरं तयार असतात. मास्क दिलेत, कामगारच घालत नाहीत. शिवाय इतकी वर्षं झाली, त्यांना सवय झालीय.

ही 'सवय' आधी तपासू. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची सुरुवातच अशी असते: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत मोकळी वाटते. बघणाऱ्याला वाटतं, गडी रुळला. प्रत्यक्षात ती दुखण्याची पहिली पायरी असते. धूळ तशीच राहिली तर घुसमट आठवडाभर मुक्कामाला येते. ब्लीचिंगच्या टाकीवरच्या क्लोरीनचा वासही थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. हवेतला क्लोरीन मात्र तेवढाच असतो.

आता मास्क. कापडी मास्क फार तर जाड धूळ अडवील. क्लोरीन किंवा रंगाईतल्या हायड्रोतून (सोडियम हायड्रोसल्फाइट) सुटणारा सल्फर डायऑक्साइड त्यातून आरपार जातो. वायूसाठी वेगळं कार्ट्रिज लागतं, ते चेहऱ्याला घट्ट बसावं लागतं, वेळेवर बदलावं लागतं. मे महिन्यात, सूत तुटू नये म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या शेडमध्ये, मास्क घालून एखाद्या मालकाने पाळीभर उभं राहून दाखवावं. मग कामगाराच्या बेशिस्तीवर बोलू.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात कलम 41-एफ आलं आणि हवेतल्या घातक पदार्थांना मर्यादा आली: कच्च्या कापसाच्या धुळीला आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे 0.2 मिलिग्रॅम, क्लोरीनला 3 मिलिग्रॅम. ही मर्यादा शेडमधल्या हवेची आहे, मास्कच्या आतल्या नव्हे. पाळी बारा तासांची असेल तर तीही तोकडी.

हवा सुधारणं 'परवडत नाही' या मालकांच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागून चार-सहा माग चालवणाऱ्याला मोठी यंत्रणा झेपणार नाही. तो कायद्याच्या व्याख्येतही बसत नाही: विजेवर चालणारा कारखाना ठरायला पूर्वी 10 कामगार लागत, 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ते 20 केले. पण कॉम्प्रेसरने माग फुंकणं थांबवायला, झाडूऐवजी ओलं फडकं वापरायला, टाकीवर झाकण ठेवायला किती खर्च येतो? रंगाची पूड उधळण्यापेक्षा द्रवरूप रंग घ्यावा. वाफ ओढणारा पंखा टाकीच्या काठाशीच बसवावा, म्हणजे ती तोंडापर्यंत पोचणार नाही. हवा मोजायचं यंत्र यंत्रमागधारकांनी सामायिक घ्यावं. मोजमाप खिडक्या बंद आणि माग चालू असताना व्हावं, आणि आकडा कामगारांना वाचता येईल अशा मराठी-तेलुगूत दारावर लागावा.