मोटारीचा रबरी पट्टा

२०१४ सालीं जिची निर्मिती थांबली, ती मारुती ८०० फुलंब्रीहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भर उन्हांत वाफ सोडीत उभी दिसली, कीं आम्हांस चालकाची कींव येते, आणि थोडा रागही. तिच्या इंजिनापुढील एकच पट्टा वीजजनित्र व पाण्याचा पंप फिरवितो. तो तुटला कीं बॅटरीचा तांबडा दिवा लागतो व लौकरच पाणी उकळूं लागतें. तरीही ‘गांव जवळच आहे’ म्हणून गाडी हांकणें म्हणजे पट्ट्याचे पैसे वांचवून हेड गॅस्केट जाळून घेणें होय. (हें शहाणपण आम्हांसही रस्त्याच्या कडेस बसूनच लाभलें.) भेगाळलेला, किंवा ताण देऊनही किंचाळणारा पट्टा प्रवासापूर्वींच बदलावा. नव्या गाड्यांतील नागमोडी पट्टा तर अनेक कप्प्यांवरून वळणें घेत जातो. तो सोडण्यापूर्वीं त्याची वाट कागदावर रेखून ठेवावी. जुना पट्टा मात्र फेकूं नये. दुकानांत माप दाखविण्यास तोच उपयोगीं पडतो.