बर्फाचा माणूस आणि गरम सूप

मागच्या मे महिन्यात जळगावला बहिणीकडे गेलो होतो. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि कूलरसमोर बसून दोन्ही भाचे तावातावाने भांडत होते. विषय काय, तर बॅटमॅन जास्त ताकदवान की सुपरमॅन! निवाडा अर्थातच मामाने करायचा.

मी म्हटलं, "ताकदीचं राहू द्या रे. एका खलनायकाची गोष्ट सांगतो. तो आत्ता या खोलीत आला असता ना, तर आपल्या उकाड्यानेच मेला असता." दोघंही एकदम गप्प!

अमेरिकेत १९९२ साली बॅटमॅनची कार्टून मालिका सुरू झाली. तिच्यात मिस्टर फ्रीझ नावाचा खलनायक आहे. तसा हा जुनाच गडी. कॉमिक्समध्ये तो १९५९ सालीच आला, तेही वेगळ्या नावाने. बर्फाची बंदूक घ्यायची, चोऱ्या करायच्या, बॅटमॅनचा मार खायचा, संपलं. मालिकेचे लेखक पॉल डिनी यांनी मात्र त्याला एक बायको दिली, नोरा. आणि तिथेच सगळं पालटलं.

बरं का, हा फ्रीझ मुळात शास्त्रज्ञ. नोराला असाध्य आजार झालेला. औषध सापडेपर्यंत ती टिकावी म्हणून त्याने तिला गोठवून ठेवलेलं असतं. कंपनीचा मालक पैसे बंद करतो, प्रयोग मधेच थांबवतो आणि झटापटीत फ्रीझला रसायनांवर ढकलून देतो. तेव्हापासून याचं शरीर असं झालं, की थंडगार पोशाखाबाहेर तो जगूच शकत नाही. काचेच्या गोळ्यात नाचणारी एक छोटी बाहुली आहे, तिच्याकडे बघत तो नोराशी बोलतो. त्याला पैसा नको असतो. त्याला तो मालक हवा असतो.

"मग बरोबरच आहे त्याचं!" मोठा भाचा उसळला. (त्या आठवड्यात त्याची वर्गातल्या एका मुलाशी कट्टी होती, हे मला बहिणीने नंतर सांगितलं.)

"थांब," मी म्हटलं. "त्याच्याच एका साथीदाराचे पाय चुकून बर्फात गोठतात, तर हा त्याला तिथेच टाकून निघून जातो. त्या बिचाऱ्याला उचलून नेतो कोण? बॅटमॅन."

भाचा काही बोलला नाही. नुसताच कूलरकडे बघत बसला.

शेवटची मारामारी तर ऐकाच. बॅटमॅनला सर्दी झालेली असते, हो, चक्क सर्दी! म्हणून घरच्या आल्फ्रेडने थर्मासमध्ये गरम चिकन सूप दिलेलं असतं. ते तो फ्रीझच्या काचेच्या शिरस्त्राणावर आपटतो. गार काचेवर एकदम गरम पडलं की काय होतं, हे आईच्या काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतलेल्यांना विचारा. पण बॅटमॅन तिथेच थांबत नाही. त्या मालकाने काय केलं त्याचा पुरावाही तो पत्रकारांच्या हाती देतो. फ्रीझला कैद होतेच आणि मालकाचं बिंगही फुटतं. या भागाच्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला.

"हे सगळं अमेरिकेतच सुचतं," धाकटा म्हणाला. अरे वा! धुळ्याहून आग्रा रोडने नाशिककडे निघालास, की तासाभरात मालेगाव येतं. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना घेऊन स्वतःचा सुपरमॅन काढला. कार्टून नाही हं, खरी माणसं घेऊन सिनेमा! सुपरमॅन झाले यंत्रमागावर काम करणारे शफिक शेख. अंगाने काडी, चड्डीची नाडी लोंबतेय, उडायचं ते हिरव्या पडद्यासमोर. फैजा अहमद खान यांनी २००८ साली या खटाटोपावर माहितीपट केला. तो बघताना आपण आधी हसतो, आणि मग हा गडी एकदा तरी नीट उडावा म्हणून जीव टांगणीला लागतो. एवढी काळजी मला खऱ्या सुपरमॅनची कधी वाटली नाही.

आता तुमची पाळी. जळगाव-धुळ्याकडचा एक सुपरहिरो तयार करा. त्याची शक्ती शेवटी लिहा. आधी लिहा, तो घरी कोणाशी अहिराणीत बोलतो, कशाला घाबरतो आणि त्याची कट्टी कोणाशी आहे. मोठ्या भाच्याने त्याच दिवशी लिहायला घेतलं. त्याच्या हिरोची कट्टी ज्याच्याशी होती, त्याचं नाव त्याने तीनदा खोडलं.