क्लचचा खडखडाट : आधीं निदान, मग पाना

खानदेशांत मोटारसायकल हें आतां केवळ प्रवासाचें साधन राहिलें नसून शेतीचें अवजारच झालें आहे. रावेर-यावलकडील केळीच्या बागांवर जाणें, साक्रीकडे दुधाच्या किटल्या वाहणें, फवारणीचा पंप मळ्यावर नेणें हीं सर्व कामें तीच करते. मद्रासेस 1955 सालीं बुलेटची जुळणी सुरू झाली, म्हैसुरास 1961 पासून जावा निघूं लागली आणि 1985 नंतर हिरो होंडाच्या शंभर सी.सी. गाड्या खेडोपाडीं पोंचल्या. त्यांपैकीं कित्येक जुन्या गाड्या आजही आमच्या बंधूंच्या खळ्यांत उभ्या आहेत.

अशा गाडीचा क्लच वाजूं लागला कीं बहुधा एकच सल्ला मिळतो : प्लेटा बदला. आमच्या मतें हा सल्ला पुष्कळदां घाईचा असतो. झिजलेल्या प्लेटांचें मुख्य लक्षण आवाज नव्हे, घसरणें होय. मूठ पिळली असतां इंजिन धांवतें, गाडी धांवत नाहीं. ऐन कापूसवेचणींत आम्हीं स्वतः एका गाडीच्या प्लेटा बदलविल्या. पैसे गेले, दोन दिवस गेले, खडखड मात्र तशीच राहिली. अखेर दोष निघाला तो इंजिन व क्लच यांमधील सैल साखळीचा.

वास्तविक निदानास हत्यार लागत नाहीं, कान लागतो. गाडी तापल्यावर स्टँडवर उभी करून न्यूट्रलमध्यें चालूं ठेवावी. प्रथम मंद चाल किंचित् वाढवावी. तेवढ्यानें आवाज गेला तर दोष बहुधा कार्बुरेटरच्या जुळणींत आहे. न गेल्यास क्लचची मूठ दाबून पाहावी. दाबतांच आवाज थांबला, तर क्लचच्या हाउसिंगमधील ढिल्या स्प्रिंगा अथवा गिअरपेटीच्या दांड्याचें बेअरिंग यांवर संशय घ्यावा. दाबतांच सुरू झाला, तर दाबदांडी व तिचें बेअरिंग पाहावें. केबल अति ताणलेली असल्यास तें बेअरिंग अकारण झिजतें. दोन्हीं वेळीं सारखाच राहिला, तर साखळी किंवा दांतेचक्र तपासावें.

तेलाकडेही लक्ष असावें. या गाड्यांचा क्लच तेलांत फिरतो. मोटारीसाठीं बनविलेल्या कांहीं तेलांत घर्षण कमी करणारें द्रव्य असतें. त्यानें क्लच घसरूं लागतो. जुनें तेल काढतांना त्यांत धातूचे तुकडे दिसले, तर गाडी एक मैलही चालवूं नये. तुटका तुकडा अडकून मागील चाक धांवत्या गाडींत जखडण्याचा संभव असतो. लळिंगच्या किंवा कन्नडच्या घाटांत असें घडल्यास काय होईल, हें सांगणें नको.

कारागिरांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. रोग न सांगतां औषध मागणारा रोगीही तितकाच दोषी असतो. बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत मोजतों, चाल पाहतों. गाडीचा आवाजही तसाच ऐकण्यास शिकलें पाहिजे. खरिपाचीं कामें आटोपल्यावर मंडळानें एखाद्या बैठकींत जुनी गाडी उभी करून हें प्रात्यक्षिक दाखवावें, अशी आमची सूचना आहे. एका तासाच्या त्या शिक्षणानें सभासदांचा हंगामांतील पैसा वांचेल, आणि कदाचित् एखाद्याचा जीवही.