वनविहारास जाताना चूल कोणती न्यावी?

शाळेच्या वार्षिक अंकात भांड्याकुंड्यांची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. परंतु सुटीत सहकुटुंब तंबू ठोकून दोन दिवस मोकळ्या हवेत राहावे, ही हौस आता आपल्या जिल्ह्यातील घरांतही दिसू लागली आहे. तंबू, अंथरुणे व कपडे यांची चर्चा आठ दिवस आधी सुरू होते; स्वयंपाकाच्या साहित्याचा विचार मात्र निघण्याच्या आदल्या रात्री होतो. मग एक तर अर्धे स्वयंपाकघर गाडीत चढते, किंवा तवा घरीच राहतो. आमच्या मते या निवडीत दोनच प्रश्न विचारावेत. हा विस्तव आपल्या ताब्यात राहील काय? आणि या साहित्यापायी घरातील एकाच माणसाची सुटी खर्ची पडणार नाही ना?

वनभोजन आपणांस नवे नाही. शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण, ही वऱ्हाडची जुनी मेजवानी होय. पळसाच्या पानांत कणीक थापून भाजलेले पानगेही तसेच. यांस साहित्य किती लागते? एक परात, एक गंज, एक पळी आणि तीन दगड. स्वतःच्या शेतात, नांगरलेल्या मोकळ्या जमिनीवर आणि विहिरीजवळ मुक्काम असेल, तर बाजारातून काही विकत आणण्याचे कारण नाही.

मात्र हाच विस्तव सागाच्या जंगलाजवळ नेणे योग्य नव्हे. सागाची वाळलेली पाने जमिनीवर पसरलेली असतात आणि गोवरीचा निखारा वरून राख दिसली तरी आत तासन्‌तास धुमसत राहतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत तर वनविभाग वणव्याचा काळच मानतो. राखीव वनात विस्तव पेटविण्यावर १९२७ च्या भारतीय वन कायद्याने, आणि अभयारण्यास धोका होईल अशा विस्तवावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. टिपेश्वर व पैनगंगा ही दोन अभयारण्ये ज्या जिल्ह्यात आहेत, तेथील मुलांस हे नियम तोंडपाठ असावेत. अशा ठिकाणी परवानगीच्या जागीच उतरावे. तेथे चूल पेटविण्यास मनाई असेल, तर दशम्या आणि तिळाची चटणी बांधून न्यावी. त्यात काही उणे नाही.

जेथे परवानगी असेल तेथे गॅसची लहान शेगडी उत्तम. कारण खटका फिरविताच ती विझते. बरोबर नेता येण्याजोगी चूल हा प्रश्न फार जुना आहे. स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली हवेच्या दाबाने जळणारा प्रायमस स्टोव्ह तयार केला. आपल्याकडे कलकत्त्याचे इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इक्मिक कुकर काढला. त्याच्या तळाशी थोडा कोळसा पेटवीत आणि वर एकावर एक डब्यांत भात, डाळ व भाजी वाफेवर शिजत असे. एका विस्तवावर सारे जेवण, हे त्यातील मर्म प्रवासाला निघणाऱ्याने आजही ध्यानात ठेवावे.

म्हणूनच आम्ही प्रेशर कुकरचा पक्ष घेतो. तो जड आहे, हे खरे. परंतु उघड्या गंजात पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास जाते. आपली तुरीची डाळ उघड्यावर शिजण्यास जो वेळ घेते, त्याच्या अंशातच ती कुकरमध्ये शिजते. इंधन वाचते, आणि चुलीपाशी बसणाऱ्याचा वेळही वाचतो. पाच माणसांस पाच लिटरचा कुकर बेताचा पुरतो. त्याच्या जोडीस एक गंज, तवा, परात, पळी, सांडशी, सुरी आणि पाण्याची छागल, एवढे पुरे. पितळेचे भांडे जड, त्यास कल्हई हवी. ॲल्युमिनियमचे हलके, पण त्यात आंबट पदार्थ ठेवू नये. पातळ बुडाच्या स्टीलमध्ये अन्न करपते; म्हणून जाड बुडाचे पाहावे. चुलीवरच रांधणार असाल, तर गंजाच्या बुडाला बाहेरून ओली माती लावावी. काजळी तिच्याबरोबर निघून जाते.

काही सूचना जिवाशी संबंधित आहेत. वाऱ्यासाठी आडोसा करावा, पण गॅसची टाकी त्या आडोशात कोंडू नये, ती तापते. रेल्वेने जाणाऱ्यांनी सिलिंडर किंवा रॉकेल बरोबर घेऊ नये. त्यास मनाई आहे. आणि थंडी कितीही असो, कोळशाची वा गॅसची शेगडी तंबूत पेटवू नये. तेथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला मनुष्य पुन्हा उठत नाही.

आता दुसरा प्रश्न. पुष्कळ घरांत सहल म्हणजे आईने स्वयंपाकाची जागा तेवढी बदलावयाची, असा प्रकार होतो. वडील व मुले नदीकाठी फिरतात आणि ती वाऱ्यात शेगडीशी झगडत पोळ्या लाटते. साहित्याची यादी करतानाच याचा विचार व्हावा. चार भाज्यांचा बेत सोडून मुगाच्या डाळीची खिचडी ठरली, म्हणजे पोळपाट-लाटणे घरी राहते आणि आईस नदीकाठ दिसतो. शेतात रोडगे भाजण्यात पुरुषांस कमीपणा वाटत नाही. मग तंबूपाशी कुकर लावण्यात का वाटावा?

विद्यार्थीमित्रहो, येत्या सुटीपूर्वी आईवडिलांजवळ बसून ही यादी तुम्हीच लिहून काढा. प्रत्येक वस्तूपुढे दोन नावे लिहा: ती कोण वाहणार आणि कोण घासणार. जिच्यापुढे दोन्ही ठिकाणी आईचेच नाव येईल, ती वस्तू घरी ठेवा किंवा तेथे आपले नाव घाला. परतताना भांडी नदीच्या पात्रात न घासता काठापासून दूर घासावीत, आणि चुलीवर पाणी ओतून राख हाताने चाचपून पाहावी. ती गार लागली, म्हणजे खुशाल घराची वाट धरावी.